गावंडे सरांची तयारी

आमच्या शेजारचे गावंडे सर रोज सकाळी स्वतःला मार्क देतात. दहापैकी. विषय एकच, खर्रा सोडायची तयारी. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो ऐवज चाळीस वर्षं त्यांच्या गालात आहे, आणि दहा वर्षं ते तो सोडायच्या बेतात आहेत.

अकोल्यात गणित शिकवून निवृत्त झाले, मग अमरावतीत आले. ग्रेस मार्क त्यांनी जन्मात कुणाला दिले नाहीत. स्वतःला तरी कसे देणार? मी कुंपणापलीकडून विचारायचो, "सर, आज किती?"

"साडेचार. इच्छा तीन, निश्चय दीड. सात पडल्याबिगर सोडत नाई. कच्च्या तयारीचं पोट्टं परीक्षेले बसवलं त नापासच होते ना बाप्पा!"

निकाल लावला की पानठेल्याकडे निघायचे. एकदा सहा पडले, तर त्या आनंदात दोन खर्रे जास्तीचे झाले.

गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं. दोन बोटंही धड आत जाईनात. आजच्या आज बंद करा, नाहीतर कॅन्सर ठेवलेलाच, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरांचे मार्क तीन.

"भेव वाटलं म्हणून तयारी वाढत नसते. भेवाचे मार्क मी धरत नाई."

माझं वकिली डोकंच फिरलं. "सर, मग मरायची तयारी किती झाली, त्याचे द्या मार्क!"

सर कुंपणाजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, खर्रा सुटते हो. पण मी ठेल्यावर गेलो का चार जणं 'या सर' म्हणतेत. पोरगी बंगलोरले. बायको जाऊन सहा वर्सं झाले. खर्रा सोडला त तिथं काहून जाऊ? अन नाई गेलो त दिवसभर बोलू कोणासंग?"

इतकी वर्षं मी नुसता आकडा विचारत होतो. लाज वाटली. म्हटलं, "उद्यापासून रोज सकाळी चहा आमच्याकडे. तुमच्या ठेल्याच्याच वेळेला."

आले. इस्त्रीचा सदरा घालून. सांभारवडीत, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीत, खसखस किती घालावी, हे आमच्या हिला त्रैराशिक मांडून समजावलं. हात दोनदा खिशाकडे गेला, रिकामाच परत आला. पाऊण तासानं उठले, फाटकापाशी थांबले.

"रोज या म्हणले ना तुमी?"

"हो सर, रोज."

"मंग रविवारीबी येऊ का?"