फाईल साहेबांच्या टेबलावर

फोन वाजला तेव्हा टेलरमास्तरांच्या तोंडात चार टाचण्या होत्या आणि समोर एक गिऱ्हाईक एका बाहीचा कोट घालून उभं होतं.

"काका, तुमच्यावर कर्ज आहे ना?" पलीकडून एक मुलगी इतक्या मायेने म्हणाली, की मास्तर टाचण्या गिळता गिळता वाचले.

कर्ज होतं. काजं करायच्या मशीनचं. बायकोला त्यांनी सांगितलं होतं, की ओळखीतून जुनं मशीन स्वस्तात मिळालं. प्रत्यक्षात ते कोरं करकरीत होतं, बँकेच्या कर्जावर घेतलेलं, आणि तीन हप्ते थकले होते. बायको दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बटणं लावायची. तिला हे कळलं तर काय, या विचाराने मास्तरांना दोन-दोन दिवस जेवण जात नसे.

ते फोन घेऊन पायरीवर गेले. मुलीने सगळं समजावलं. बँकेला एक पैसा भरायचा नाही, हप्ता आमच्या कंपनीला द्यायचा, आम्ही बोलणी करून कर्ज निम्म्यावर आणतो. फक्त नोंदणीची फी तेवढी पाठवा.

"आजच?"

"आजच, काका. तुमचीच फाईल साहेबांच्या टेबलावर आहे. फक्त सही राहिलीये."

मास्तर चमकले. पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतः एका माणसाला सांगितलं होतं, "तुमचीच पँट मशीनवर आहे, फक्त काज राहिलंय." ती पँट अजून गाठोड्यात होती, आणि पँट म्हणजे नुसतं कापडच होतं. आगाऊ पैसे घेतलेल्या माणसाला कामाची किती घाई असते, हे मास्तरांना कुणी शिकवायला नको होतं. फाईल नाही, टेबल नाही, बहुधा साहेबही नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ताडलं.

शहाण्या माणसाने इथे फोन ठेवला असता. पण मास्तरांनी तीस वर्षांत कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. तोंडाला लागलेली सवय ती. ते म्हणाले, "गुरुवारी पाठवतो."

इथेच सगळं बिनसलं. गुरुवारी सकाळी दहाच्या ठोक्याला फोन आला. "थोडं राहिलंय पोरी, शनिवारी नक्की." शनिवारी ते म्हणाले, लाईट नव्हती. फीचा आणि लाईटचा काय संबंध, हे तिनेही विचारलं नाही. सोमवारी त्यांनी कारागीर आजारी पाडला. कंपनीने घाबरून फी आधी निम्मी केली, मग पाव. मुलगी दिवसातून सहा-सहा फोन करू लागली, मास्तर पायरीवर जाऊन कुजबुजू लागले, आणि आत मापं अर्धवट टाकलेली गिऱ्हाइकं हात वर करून ताटकळू लागली.

"कोण हो ती?" बायकोने एकदा विचारलंच.

"गिऱ्हाईक."

"आपण बायकांचे कपडे कुठे शिवतो?"

"नवऱ्याचे शिवायचेत तिला."

"मग सहा वेळा फोनवर माप देते की काय?"

मास्तर कात्री शोधू लागले. कात्री हातातच होती.

आणि एका दुपारी, ते एका माणसाच्या पँटचा काठ टाचत जमिनीवर बसलेले असताना, फोन काउंटरवर वाजला आणि बायकोने उचलला. ती तो घेऊन मागच्या खोलीत गेली. मास्तरांना नुसतं ऐकू येत होतं. "हं... किती?... तीन?... बरं." दहा मिनिटांनी ती बाहेर आली. गिऱ्हाइकाने प्रसंग ओळखला आणि टाचलेल्या पँटसकट काढता पाय घेतला.

"मशीन नवं आहे?"

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

"काजं हाताने करून करून तुझे डोळे चालले होते," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "आणि कर्जाचं सांगितलं असतं तर तू ते घेऊच दिलं नसतंस."

बायको रागावली, चांगली तासभर रागावली. मग तिने पर्स उचलली आणि म्हणाली, "उठा. बँकेत चला."

बँकेतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हप्ता लहान करून मुदत वाढवून दिली. व्याज थोडं जास्त जाईल, म्हणाल्या. फीबिबी काही मागितली नाही.

"तीन महिने आला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"काम तुंबलं होतं," मास्तर म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "घाबरलो होतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला तो बायकोनेच घेतला. आता त्या पोरीची धडगत नाही, अशा भीतीने मास्तर शेजारी येऊन उभे राहिले.

"नाही," बायको म्हणाली. "आज नाही आणि कधीच नाही. आम्ही बँकेत जाऊन आलो." तिला हा शब्द किती सहज म्हणता येतो याचं मास्तरांना नवल वाटलं.

पलीकडे मुलगी रडायलाच लागली. टार्गेट पूर्ण नाही, तीन महिने पगार नाही, साहेब नुसते पुढच्या आठवड्यात म्हणतात, आणि इकडे तिच्या स्कूटरचे हप्ते थकलेले.

"मग तुमच्या कंपनीतच सांग की. निम्म्यावर आणून देतील."

"काहीतरीच काय काकू," मुलगी नाक ओढत म्हणाली. "त्यांना कोण पैसे देईल?"

बायको स्टुलावर बसली. तिने आधी त्या पोरीला पोटभर रडू दिलं, मग बँकेत कुठल्या टेबलाशी जायचं, कुठले कागद न्यायचे, सगळं सावकाश सांगितलं. "आणि जायच्या आधी वडिलांना सांग."

"रागावतील हो ते."

"रागावतील," बायको मास्तरांकडे बघत म्हणाली, "आणि मग तुझ्याबरोबर बँकेत येतील."