कणकेत घेतलेलं माप

ते साल एकसष्ट. त्या वर्षी घड्याळजींनी सायकलच्या सीटपायी घर डोक्यावर घेतलं होतं. त्यांची बायको म्हणजे नर्सबाई. ती रोज वीस मैल सायकल हाणत बाळंतिणी तपासायची. तिची सीट पाट्यासारखी कडक होती, पण त्याबद्दल तिला कोणी विचारलं नव्हतं. तिलाही कधी ते सुचलं नव्हतं.

घड्याळजींची थोरली बहीण पंचवीस मैलांवर, समुद्राकाठी एकटी राहायची. अकरा वर्षांपूर्वी ती थट्टेत म्हणाली होती, "सायकलवर आलास तरच दार उघडीन. पण तुझ्याच्यानं काय होतंय म्हणा!" हे त्यांच्या मनाला लागलं. बसने जाणं म्हणजे हार. दरवर्षी ते निघत आणि सातव्या मैलाच्या दगडापासून कण्हत परत येत. यंदा तिचं पत्र आलं : 'डोळ्याला डोळा लागत नाही. नुसत्या लाटा मोजते. सत्तरी आली, आता तरी ये.'

"यंदा जायचंच," घड्याळजी म्हणाले. "दोष माझा नाही, सीटचा आहे."

बायकोचा भाऊ गाद्या शिवायचा. "भावोजी, माप द्या, लोण्यासारखी सीट करतो," तो म्हणाला. पण केसाएवढा फरक न चालणाऱ्या माणसाला टेपचं माप कसं चालावं? घड्याळजींनी परातभर कणीक मळली, आरामखुर्चीत थापली आणि वर फडकं घालून तीवर बसले.

"अहो, हे काय?"

"ठसा. अंग सैल पडलं की खरं माप मिळतं."

दुपार होती. पडद्यातून ऊन झिरपत होतं, दुरुस्तीला आलेली बावीस घड्याळं बावीस चालींनी टिकटिकत होती. अंग इतकं सैल पडलं, की घड्याळजी दोन तास घोरले. कणकेत उमटली ती त्यांची झोप. बायकोच्या भावाने बरहुकूम सीट शिवली आणि कणीक कोंबड्यांच्या पोटात गेली.

रविवारी सकाळी घड्याळजी निघाले. सोबतीला मागे बायको, आपल्या सायकलवर. नव्या सीटवर बसताच ते "वा!" म्हणाले. तिसऱ्या मैलावर त्यांची सायकल अलगद रस्ता सोडून गवतात शिरली आणि आडवी झाली. घड्याळजी हसतमुखाने झोपले होते. उठवून बसवलं, की शंभर पावलांवर पुन्हा तेच.

"बस पकडू या का?" तिने विचारलं.

"सायकलच," ते झोपेतच पुटपुटले.

बाईने त्यांच्याच पिशवीतला पाना काढला, ती सीट आपल्या कॅरियरवर आवळली, त्यांना वर बसवलं आणि बँडेजच्या पट्टीने स्वतःच्या कमरेशी बांधलं. त्यांची सायकल एका ओळखीच्या बाळंतिणीच्या अंगणात ठेवली. मग बावीस मैल, पाठीवर नवऱ्याचं डोकं आणि समोरून हळूहळू जवळ येणारा खारा वारा.

थोरल्या बहिणीने खिडकीतून पाहिलं. "हा आलाय, की ह्याला आणलंय?"

"सायकलवरच आलेत, वन्सं!"

म्हातारी हसत सुटली, पण दार उघडलं. सीटचा प्रताप ऐकून तिने ती काढायला लावली आणि बाकावर ठेवून वर बसली. भावाबहिणीच्या अंगाची ठेवण एकच. "मेलं, एवढं काय आहे हिच्या—" म्हणता म्हणता तिची मान कलली. घड्याळजी टक्क जागे होऊन तिच्याशेजारी बसले आणि संध्याकाळपर्यंत तिच्या वाटच्या लाटा मोजत राहिले.

सीट तिथेच ठेवावी लागली. परतताना उघड्या कॅरियरवर सातव्या मैलाच्या दगडाशी घड्याळजी कण्हले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुझी सीट टोचत नाही का गं?"

तिने थोडा विचार केला. "टोचते की. पण पुढे कोणीतरी कळा देत असतं, त्यात लक्षात येत नाही."

थोरली बहीण पुढे नऊ वर्षं जगली, आणि रोज गाढ झोपली. बायकोच्या भावाने तशा चाळीस सीटा शिवल्या, पण एकीवरही कुणाला डुलकी लागली नाही. घड्याळजींनी समुद्रापर्यंत स्वतः सायकल कधीच मारली नाही. मात्र त्या दिवसापासून रोज सकाळी ते बायकोच्या सीटवर चारपदरी टॉवेल बांधून देत. तो पहिल्याच मैलात घसरायचा. हे तिने त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.