जावईबापूंचा बेडूक

धोंड्याच्या महिन्यात जावई तोंडातून जे काढील ते सासूने खाली पडू द्यायचे नाही, असा एकोडीत रिवाज होता, आणि रिवाजाच्या बाबतीत आनंदाबाई अख्ख्या गावाला मागे टाकत. त्या वर्षी श्रावण अधिक आला. लेकीला, निर्मलाला, दिवस गेलेले, म्हणून जावई ताराचंद एकटेच आले. धोतरजोडी घेतली, तेहेतीस अनारसे घेतले आणि निघताना म्हणाले, "आई, चार दिवस एक बेडूक ठेवून जाऊ का?"

ताराचंद नागपूरच्या कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवत. वाटेत दिघोरीला एका विहिरीच्या खोदकामात त्यांना हा बेडूक सापडला होता. असला त्यांनी कधी हातात धरला नव्हता. आता त्याचे नावगाव विचारायला ते गोंदियाच्या एका जुन्या प्राध्यापकांकडे निघाले होते. मग बेडूकच सोबत का नेत नाही, असे सासऱ्यांनी, पुंडलिकरावांनी, विचारले. येताना एसटीच्या कंडक्टरने बेडकासकट खाली उतरवले होते, असे उत्तर मिळाले.

"ठेवा ना जावईबापू," आनंदाबाई म्हणाल्या. "सहा म्हशी अन् पाच लेकरं वाढवली मी. बेडकाचं काय मोठं."

त्यांनी दूध तापवायचा पितळेचा मोठा गंज काढून दिला. ताराचंदांनी तो मातीने भरला आणि माती ओली ठेवा, दिवसा त्याला छेडू नका, तो लाकूड पोखरणारी उधई तेवढी खातो, असे बरेच काही सांगितले. आनंदाबाईंनी पहिल्या वाक्यालाच ऐकणे थांबवले होते. ज्याला काही येत नाही त्याने ऐकावे, असे त्यांचे मत होते.

बेडूक म्हणजे फुगलेला वडाच. त्याला मान नव्हती, कंबर नव्हती, पायही जेमतेम. आनंदाबाईंना आपल्या थोरल्या नणंदेची आठवण झाली. त्यांनी त्याच्यापुढे दूधभात ठेवला. त्याने डोळे मिटले. अनारशाचा चुरा ठेवला, त्याने पाठ फिरवली. माशी मारून ठेवली तरी तोच प्रकार. जावयाकडच्या पाहुण्याने आपल्या घरच्या ताटावर पाठ फिरवावी, हे आनंदाबाईंच्या जन्मात पहिल्यांदा घडत होते.

संध्याकाळी पुंडलिकराव सुपारी कातरता कातरता म्हणाले, "उधई खाते म्हणत होते ना जावई."

"मग तवाच काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं ना. तू ऐकूनच नाही राहिली."

आता पंचाईत अशी की आनंदाबाईंच्या घरात उधई नव्हती. सागवानी चौकटी होत्या, त्यांना दर दिवाळीला जवसाचे तेल लागे, आणि ही गोष्ट प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर तेरवीच्या जेवणात त्यांनी लोकांना ऐकवली होती. ज्या घरची बाई आळशी त्या घरी उधई, असे त्या म्हणत, आणि म्हणताना शेजारच्या सुलोचनाबाईंच्या मागच्या दाराकडे पाहत.

शेतात वारूळ होते, पण श्रावणात वारुळाला कुदळ कोण लावणार? श्रावण अधिक आहे की साधा, हे नागाला कोण समजावून सांगणार? गडी टिकारामाला त्यांनी विचारून पाहिले. तो म्हणाला, मले दोन पोरं हायेत, बाई. विषय तिथेच संपला.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदाबाई वाटी घेऊन सुलोचनाबाईंकडे गेल्या. साखर मागावी तशा आवाजात म्हणाल्या, "थोडी उधई पाहिजे होती."

सुलोचनाबाईंनी तांदूळ निवडणे थांबवले. "कोनं सांगतलं आमच्या घरी उधई हाये म्हणून?"

"सांगाचं काय त्यात, दिसून राहिली ना. मागचं दार पाहा, नुसतं सालटं उरलं हाये."

त्या मागायला आल्या होत्या हे त्या क्षणभर विसरल्या होत्या. सुलोचनाबाई विसरल्या नाहीत. वाटी रिकामीच परत आली, आणि दुपारपर्यंत गल्लीभर झाले की बिनउधईच्या घरी जावयाचा बेडूक उपाशी मरून राहिला.

तिसऱ्या दिवशी तो उपाशीही राहिला नाही. गंजावरचे टोपले जागेवर, टोपल्यावरचा वरवंटा जागेवर, आत नुसती माती. आनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. पुंडलिकरावांनी कबूल केले की पहाटे त्यांनी टोपले उचलून आत डोकावले होते. नुसते पाहिले, म्हणाले. पाहताना तुमचे डोळे उघडे होते का, असे आनंदाबाईंनी विचारले, आणि तेवढ्यावर त्यांना पाटीभर शेण उचलायला लावले.

मग घर पालथे झाले. खाटा उभ्या केल्या, रांजण हलवले, चूल झाडली. बेडूक गेला तर जावई एक शब्द बोलणार नाहीत, हे आनंदाबाईंना ठाऊक होते, आणि तेच त्यांना नको होते. चार दिवस एक बेडूक सांभाळता आला नाही हे नागपूरला लेकीच्या सासरी बोलले जाईल, हळू आवाजात, त्यांच्या माघारी. शेवटी देवघरापाशी ठेवलेली धानाची कोठी टिकारामाने सरकवली. मागची सागवानी चौकट आनंदाबाईंनी हाताने चाचपली, आणि बोटे सरळ लाकडात गेली.

आतून पांढरी उधई भळाभळा सांडली.

"सापडली!" आनंदाबाई म्हणाल्या. पुढच्याच श्वासाला त्यांनी तोंडावर पदर धरला आणि टिकारामाला दार लावायला सांगितले.

उधईच्या वासाने बेडूक परत येईल म्हणून दोन ओंजळी त्यांनी गंजातल्या मातीवर पसरल्या. कोठी होती तशी लावली. संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही. मग चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी टिकारामाला धानाच्या भर रोवणीतून बोलावले आणि गावच्या बोडीवर पाठवले. गोल पाहून आण, म्हणाल्या. त्याने बोडीच्या पाण्यातून पाच आणले. त्यातला सगळ्यांत लठ्ठ त्यांनी गंजात ठेवला. तो हिरवा होता, लांब तंगड्यांचा होता, पण थोडा वेळ तोंड दाबून बसला तर चालण्यासारखा होता.

दुपारच्या गाडीने ताराचंद आले. त्यांच्या मागोमाग सुलोचनाबाई आल्या आणि गल्लीतल्या चारजणी. बेडकाची चौकशी करायला, म्हणाल्या.

ताराचंदांनी टोपले काढले. "हा कोण?"

"एकटाच होता ना बिचारा," आनंदाबाई म्हणाल्या. "सोबतीले ठेवला."

ताराचंदांनी हिरव्याला बाजूला केले, मातीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून फुगलेला वडा वर काढला. दिवसा हा जमिनीतच राहतो, सांगितले होते ना मी, असे ते म्हणाले. सांगितले होते, असे फक्त पुंडलिकराव म्हणाले, तेही सुपारीला.

जावयांनी बेडूक उलटासुलटा करून पाहिला. "दुप्पट झालाय. छान जेवलाय हा. इतकी उधई कुठून आणली, आई?"

सुलोचनाबाई एक पाऊल पुढे सरकल्या. उधई मिळाली नाही म्हणावे, तर जावयाच्या पाहुण्याला उपाशी ठेवल्यासारखे होत होते. मिळाली म्हणावे, तर कुठे, हा प्रश्न अंगणात उभाच होता. आनंदाबाईंनी पदर खोचला.

"घरचीच हाये. जावयाच्या जिवाले बाहेरचं चाराची आमच्यात पद्धत नाही."

चारही बायकांनी माना डोलावल्या. खरी गोष्ट आहे, असे एकजण पुटपुटलीसुद्धा. सुलोचनाबाईंच्या चेहऱ्यावरचे हसू विझले. अंगणात कोणी त्यांच्याकडे पाहतच नव्हते.

"त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "आमच्या दारात तर हातभर थर हाये उधईचा. याईच्याइथं दोन ओंजळी निघाली असन."

ताराचंदांचे डोळे चमकले. त्यांनी खिशातून वही काढली. "हातभर? बघता येईल का आत्ता?"

"चाला ना, जावईबापू," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि निघाल्याही.

"थांबा," आनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी टिकारामाला हाक मारली आणि देवघराकडे बोट दाखवले. "ते कोठी बाजूले कर. अन् दार सताड उघडं ठेव, बाहेरून दिसलं पाहिजे."