पोशीरच्या खळ्यावरून पिकअप हलली त्याची हकीकत

श्रीग्रामदेवता प्रसन्न. पोशीरकर लहानथोर, भिसेगावकर मेस्त्री मंडळी, आणि ज्या ज्या घरामागे एखादे बंद वाहन गवतात उभे आहे ती समस्त घरे, यांस विदित व्हावे की, मोहिमा बहुत जाहल्या आणि त्यांच्या बखरीही बहुत जाहल्या, परंतु पोशीर मुक्कामी सदूराव हिरामण यांणी वडिलार्जित पिकअप गाडी पुनः चालती करावयास जी शिकस्त केली, तीस तोड नाही. घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले असेल तर ते शोभेपुरते.

सदूरावांचे तीर्थरूप कैलासवासी हिरामणराव ऊर्फ आबा यांणी पन्नासांवर वर्षांमागे ही गाडी, विलायती बांधणीची, पेट्रोल पिणारी, मुंबईहून खासा स्वतः हाकीत आणिली. तिणे भात वाहिले, पेंढा वाहिला, गणपती आणिले, अडलेल्या बाळंतिणी कर्जतास पोचविल्या. खुद्द सदूरावांचे वऱ्हाड खालापुराकडे गेले ते हिच्यातूनच, आणि नवरी विमलबाईसाहेब सासरी आल्या त्याही हिच्याच पुढल्या बाकावर, एका हाताने डोळे पुशीत आणि दुसऱ्या हाताने खिडकीचा दांडा घट्ट धरोन. पुढे दोन वर्षांनी, दसरा होऊन तिसरे दिवशी, हिरामणराव अकस्मात वारले आणि त्याच आठवड्यात बंद पडलेली गाडी खळ्याच्या कडेस जी उभी राहिली ती बत्तीस वर्षे राहिली. हौद्यात कोंबड्यांनी ठाणे दिले, टपावर कारल्याच्या वेलाने अंमल बसविला, आणि बॉनेटाखाली एक धामण पिढीजात वतनदार असल्यासारखी नांदू लागली.

ऐसे असता यंदा श्रावण सरतेसमयी विमलबाईसाहेबांचे फर्मान सुटले की, दसऱ्यामागोमाग भात कापणीस येते, खळे मोकळे पाहिजे, सबब दसऱ्याचे दिवशी गाडी आपल्या चाकांनी बाहेर पडली तर पडली, न पडली तर दुसरे दिवशी खोपोलीचा सखा भंगारवाला येऊन तुकडे करोन नेईल. सदूराव चहा पीत होते, तो तैसाच बशीत निवाला. आठ वर्षांचे असता बापाच्या मांडीवर बसोन याच गाडीचे स्टेअरिंग त्यांणी प्रथम धरिले होते. बापाचा फोटो भिंतीवर होता, परंतु बापाचा वास म्हणोन जो काही उरला होता तो त्या गाडीच्या बाकात होता. परंतु विमलबाईसाहेबांपुढे वाद मांडणे हे सदूरावांच्या घराण्यात नव्हते, म्हणोन ते इतुकेच बोलिले, "बरं."

मग भिसेगावास जाऊन गजा मेस्त्री यांसी मसलत केली. गजा मेस्त्री हे बॉनेट उघडोन प्रथम घटकाभर मौन धरीत, मग मान हलवीत आणि म्हणत, "हिचं काय खरं नाय." कालच शोरूममधून निघालेल्या गाडीसही ते हेच म्हणत, आणि मग तीच गाडी चालती करोन देत. पोशिरास येऊन त्यांणी मौन धरिले, मान हलविली, आणि वाक्य उच्चारिले, तेव्हा सदूरावांस हायसे वाटले.

मोहीम सुरू जाहली. कोंबड्यांस हुसकून हौदा काबीज केला, वेल उपटिला आणि कारली विमलबाईसाहेबांकडे नजराणा धाडिली. धामणीने पाना-पक्कडीचा आवाज ऐकोन, न लढता, शेपटी न आपटता, ठाणे खाली केले आणि ती बांधाकडे गेली. मग जाम जाहलेल्या पिस्टनांस आठ दिवस तेलात भिजत घातले, टाकीतला गंज खडे घालून हिसळून काढिला, टायर चढविले, ब्रेक बांधिले. एकामागोन एक सारी ठाणी पडली आणि एकच राहिले. ते म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे झाकण.

हे झाकण मुठीत मावेल एवढे, काळे, पाच तोंडांचे. मधल्या तोंडात करंट यावा आणि भोवतीच्या चार तोंडांनी चार प्लगांस वाटला जावा, ही त्याची चाकरी. गाडीवरील जुन्या झाकणास चीर गेली होती. करंट वाटेतच फितूर होऊन भलतीकडे जाई, आणि गाडी एकदा खोकोन गप्प होई.

मग शोध आरंभिला. कर्जतातील दुकानी विचारिले, तेथे पोरसवदा दुकानदाराने गाडीचे साल ऐकोन सदूरावांस बसावयास खुर्ची दिली, झाकण दिले नाही. खोपोलीस सखा भंगारवाल्याकडे दोन दिवस लोखंडाचे डोंगर उपसिले, तेथे झाकण मिळाले नाही, आणि सखाने उलट गाडी केव्हा न्यावयाची तेच विचारिले. चिरंजीव ऋषिकेश पुण्यास नोकरीवर होते, त्यांणी मोबाईलवरोन असली माल म्हणोन झाकण मागविले. डबा थाटाने आला, उघडिला तो आत चारच तोंडे. सदूरावांणी दोनदा मोजिली. पाचवे निघाले नाही.

गजा मेस्त्री यांणी तोड सुचविली की, हल्लीचे इलेक्ट्रॉनिक सामान बसवू, गाडी उद्या चालेल. सदूरावांणी साफ नाकारिले आणि म्हणाले, "आबांच्या गाडीत परकं काय नको रं, गजा. तसली चालली तरी ती आबांची नाय चालली." मेस्त्री मनातून वैतागले, परंतु हात जोडिले.

ऐसे करिता खंडेनवमी उजाडली. दसऱ्यास एक दिवस उरला. सदूरावांणी हत्यार टाकिले. गजा मेस्त्री इतुके राबले, त्यांस निदान जेवू घालावे, म्हणोन बोलाविले, आणि स्वतः ओट्यावर गाडीकडे पाठ करोन बसले. घरात विमलबाईसाहेबांणी रीतीप्रमाणे कोयते, विळे, पावशी आणि मेस्त्रींचे पानेही देव्हाऱ्यापुढे मांडोन त्यांस हळदकुंकू वाहिले होते. मेस्त्रींची शिस्त ऐसी की, परक्या घरी पानावर बसण्याआधी त्या घरच्या देवास हात जोडावे. ते देव्हाऱ्यापुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले. सदूरावांस वाटले की मेस्त्रींच्या कंबरेत उसण भरली.

"सदूदा," मेस्त्री हलके बोलिले, "ह्यो देव कुठला?"

खंडोबाचा टाक आणि अन्नपूर्णा यांमध्ये, लाल फडक्यावर, शेंदराने माखलेला एक देव होता. त्यास तोंडे पाच. सदूरावांणी पाहिले. सारा जन्म त्याच घरात काढोन त्यांणी देव्हाऱ्याकडे इतके निरखोन आजच पाहिले, कारण पूजा हे खाते सर्वस्वी विमलबाईसाहेबांचे.

"त्यो गाडीचा देव," विमलबाईसाहेब भाकरी थापीत बोलिल्या.

"गाडीचा? अगं, आमी महिनाभर रानोमाळ भटकतोय आनि तू..."

"तुमी झाकण शोधत व्हता. मला काय ठावं तुमचं झाकण कसं असतंय? मी तर देव पुजत व्हते."

मग त्यांणी हात धुतले आणि सारी हकीकत सांगितली, ती ऐसी. हिरामणराव वारले त्याच साली खंडेनवमीस ते हे नवे झाकण घेऊन आले. नवी वस्तू देवापुढे ठेविल्याखेरीज वापरावयाची नाही, ही घरची रीत. म्हणोन ते फडक्यात बांधोन सुनेच्या हाती दिले आणि आज्ञा केली की, देवापाशी ठेव, मी काढीन तेव्हाच काढावयाचे.

"आनि ते काढायला आलेच नाय," विमलबाईसाहेब बोलिल्या. "मंग मी कशी काढू? रोज फूल घातलं. दर दसऱ्याला शेंदूर लावला. आबांचा शबूद व्हता."

सदूरावांच्या डोळ्यांस पाणी आले ते त्यांणी लपविलेही नाही. आपण बापाची गाडी कोंबड्यांच्या हवाली केली आणि परक्या घरून आलेल्या मुलीने बापाचा शब्द बत्तीस वर्षे फुलाखाली जपिला, हे त्यांस त्या घटकेस कळले. ते बोलिले, "विमल, मी चुकलो गं. आता तूच सांग, काढायचा का नाय."

बाईसाहेबांणी निवाडा दिला की, ज्याने ठेविला तोच काढील, आणि तो नाही, सबब देवासच कौल लावावा. पंचमुखी देवाच्या डाव्या उजव्या अंगास झेंडूची एकेक पाकळी पाण्याने चिकटवावी, उजवी आधी पडली तर काढण्याची परवानगी, डावी पडली तर गाडी सखाच्या हवाली. वाऱ्याची लबाडी नको म्हणोन पंखा बंद करविला. पाकळ्या लाविल्या त्या बाईसाहेबांणी स्वहस्ते. गजा मेस्त्रींचा मोबाईल वाजला तो त्यांणी मांडीखाली दाबिला. भाकरी तव्यावर करपली, कोणी उठले नाही.

उजवी पाकळी पडली.

मग एकच धांदल. मेस्त्रींणी देवास रॉकेलाने स्नान घातले, तो शेंदराचे थरावर थर निघाले आणि आत झाकण तैसेच कोरे, काळे, तुकतुकीत, जणू आजच दुकानातून आणिले. फडक्यावर पालथे राहिल्याने आतील पितळी बिंदूंवर डाग नव्हता. चिरलेले जुने झाकण निघाले, ते बाईसाहेबांणी मागोन घेतले, धुतले आणि देव्हाऱ्यात त्याच जागी मांडिले. म्हणाल्या, "जागा रिकामी नको."

दसऱ्याचे सकाळी गाडीस झेंडूचा हार चढला. सदूराव बसले, चावी फिरविली, गाडी खोकली, पुन्हा खोकली, आणि तिसरे खेपेस ऐसी गर्जली की बांधावरील बगळे उठले आणि गजा मेस्त्री आनंदाने ओरडले, "हिचं काय खरं नाय!" खळे मोकळे जाहले. विमलबाईसाहेबांणी नवी नऊवारी नेसोन हुकूम केला की, आपट्याचे सोने वाटावयास खालापुराकडे माहेरी जाणे, आणि त्या पुढल्या बाकावर बसोन, खिडकीचा जुना दांडा धरित्या जाहल्या. कर्जत मागे टाकिले, पळसदरी मागे टाकिली, गाडी कोठे अडली नाही.

खोपोलीत सखाचे दुकान आले, तेथे सदूरावांणी मुद्दाम लांबलचक भोंगा दिला. सखा वजनकाट्यापाशी उभा राहोन पाहतच राहिला. पुढे रस्ता मोकळा जाहला तेव्हा सदूराव खुशीत बोलिले की, आबांणीच कौल दिला बरे. बाईसाहेब खिडकीबाहेर पाहत होत्या. तैशाच पाहत बोलिल्या, "उजव्या पाकळीला मी पानी लावलंच नव्हतं, नुसती टेकवली व्हती."

येणेप्रमाणे पोशीरची मोहीम फत्ते जाहली. फत्ते सदूरावांच्या नावे दफ्तरी लिहिली आहे, कारण गाडी त्यांच्या नावे आहे. त्या दिवसापासोन सदूराव रोज सकाळी स्नान करोन देव्हाऱ्यातील चिरलेल्या झाकणास स्वतः फूल वाहतात, आणि मग वळोन बाईसाहेबांस विचारितात की, चहा टाकू का.