विहीणबाईंचा क्लोजअप

डोकं ओट्याखाली आणि पाय बाहेर अशा अवस्थेत नंदकिशोर सापडला, तेव्हा त्याच्या आईच्या हातातलं वरणाचं पातेलं पडता पडता राहिलं.

"मेल्या, काय पडलंय आत?"

"लो-अँगल बघतोय, आई. खालून तू एकदम पॉवरफुल दिसतेस."

"ऊठ आधी! पॉवरफुल म्हणे. वाण्याकडून रवा आण जा."

नंदकिशोर मिठबावकर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसणार होता. त्याआधी तो सिनेमाचं तंत्र शिकून घेत होता. वाशीला पिठाच्या गिरणीच्या माडीवर श्यामसुंदर सरांचा सहा महिन्यांचा क्लास चालायचा. सरांनी उमेदीची अकरा वर्षं एका संकलकाच्या टेबलाखाली पडलेले फिल्मचे तुकडे उचलण्यात घालवली होती, आणि टेबलावरच्या तुकड्यांपेक्षा खालचे सरस होते असं त्यांचं ठाम मत होतं. क्लासची मालमत्ता म्हणजे एक व्हिडिओ कॅमेरा, दोन व्हीसीआर आणि एक फळा. एका व्हीसीआरवर कॅसेट लावायची, दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवून घ्यायचा, याला तिथे संकलन म्हणत. खालच्या गिरणीमुळे विद्यार्थी क्लास सुटल्यावर भुवयांपर्यंत पांढरे होऊन बाहेर पडत आणि अनुभवी दिसत.

सरांचा एक धडा नंदकिशोरच्या डोक्यात पक्का बसला होता. सर म्हणाले होते, "एक मख्ख चेहरा घ्या. त्याच्या आधी पुरणपोळीचं ताट जोडा. लोक म्हणतील, बिचारा भुकेला आहे. तोच चेहरा, आधी तिरडी जोडा. लोक रडतील. चेहऱ्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं रे. म्हणणं आपण जोडायचं!"

हे ऐकल्यापासून नंदकिशोरला कोणाचाही चेहरा नुसता दिसेनासा झाला होता. आणि नेमका त्याच महिन्यात त्याच्या थोरल्या बहिणीचा, स्मिताचा साखरपुडा ठरला.

मुलगा पनवेलचा. जयप्रकाश. तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर. स्वभावाने गरीब, कारण घरातला बाकी सगळा स्वभाव त्याच्या आईने, दुर्गाबाईंनी, आपल्याकडे घेतला होता. स्मिताचे वडील शिवरामभाऊ फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. बावीस वर्षं साहेबांसमोर उभं राहून त्यांना समोरच्या माणसापेक्षा थोडं बुटकं दिसण्याची कला साधली होती. मुलीच्या बापाला याहून दुसरं काय लागतं?

साखरपुडा सोसायटीच्या गच्चीवर मांडव घालून झाला. विहिणीला मानाची साडी द्यायची म्हणून आईने दादरला चार खेपा घालून अबोली रंगाची नारायणपेठी आणली होती. दुर्गाबाईंनी पदर बोटांनी चाचपला आणि "रंग छान आहे हो," असं चक्क म्हटलं. आईचा जीव भांड्यात पडला. या सगळ्या वेळात नंदकिशोर क्लासचा कॅमेरा खांद्यावर घेऊन कधी पाण्याच्या टाकीवर, तर कधी पाहुण्यांच्या पायांत होता.

पंधरा दिवस माडीवर खपून त्याने वीस मिनिटांची फिल्म जोडली. ती पाहायला पनवेलची मंडळी जेवायलाच आली. व्हीसीआर भाड्याने आणला होता. शेजारीपाजारी कोणी न बोलावता आले आणि चांगल्या जागा धरून बसले.

सुरुवात झकास झाली. शिवरामभाऊ टाकीवरच्या हाय-अँगलमधून वाटाण्याएवढे दिसत होते आणि दर दोन मिनिटांनी कोणाला तरी नमस्कार करत होते. दुर्गाबाई जमिनीवरून घेतल्यामुळे एखाद्या किल्ल्यासारख्या दिसत होत्या. हे त्यांना आवडलं असावं. मग आली ती साडी. ताटातली अबोली नारायणपेठी, तिचा काठ, पदर, आणि त्यापाठोपाठ पडदाभर दुर्गाबाईंचा चेहरा. डोळे बारीक झालेले, एक गाल ओढलेला, ओठ एका बाजूला गेलेले. कोणी कडू कारल्याचा रस पाजावा तसा.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"ते मागे घे रे जरा," दुर्गाबाई म्हणाल्या.

नंदकिशोरने मोठ्या हौसेने मागे घेतलं. साडी. चेहरा. परत साडी, परत चेहरा.

"म्हणजे साडी मला आवडली नव्हती तर," दुर्गाबाई सावकाश म्हणाल्या.

"अहो, असं काय करता?" आई कळवळली. "पदर हातात घेऊन तुम्हीच म्हणालात ना, रंग छान आहे म्हणून?"

"तोंडदेखलं म्हटलं असेल. चेहरा बघा की माझा! टीव्हीवर काय खोटं दाखवतात?"

"ती सुपारी होती!" नंदकिशोर ओरडला. "जेवणानंतर तुमच्या दाढेत सुपारी अडकली होती. मी तो शॉट साडीला जोडला फक्त. टेक्निक आहे ते!"

"माझ्या तोंडात सुपारी होती की राग होता, ते तू मला सांगणार?"

शिवरामभाऊंनी हात जोडले. आईने दुसरी साडी घेऊ म्हटलं. दुर्गाबाई उठल्या. "प्रश्न साडीचा नाही, मिठबावकर. मानाचा आहे. जयू, चल."

जयप्रकाशने स्मिताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि चप्पल घातली.

नंदकिशोर मात्र खचला नव्हता. पुरावा त्याच्याकडे होता. दुसऱ्या रविवारी तो मूळ कॅसेट घेऊन वडिलांसह पनवेलला गेला. साडी दिली सव्वाअकराला. सुपारी अडकली पाऊण वाजता. मध्ये दीड तासाचं अंतर, आणि प्रत्येक प्रसंगाची वेळ पडद्याच्या कोपऱ्यात. त्याने ते बोट ठेवून दाखवलं. दुर्गाबाईंनी ते नीट पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघ जयू. दीड तास! दीड तास मी राग गिळून बसले. चारचौघांत तमाशा नको म्हणून. आणि शेवटी बाई, निमित्त झालं सुपारीचं!"

नंदकिशोरने कॅसेट बाहेर काढली. असं काही श्यामसुंदर सरांनी शिकवलं नव्हतं.

"पत्रिका छापायला टाकू नका इतक्यात," निघताना दुर्गाबाई म्हणाल्या.

त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. स्मिता एरवी कमी बोलणारी मुलगी. पण ती नंदकिशोरसमोर येऊन उभी राहिली. "नंद्या, मला तो आवडलाय. दोनदा बेलापूरच्या खाडीवर जाऊन आलोय आम्ही. त्याची आई कशी का असेना, मी बघून घेईन. पण तुझ्या त्या तुकड्यांपायी माझं लग्न मोडलं ना, तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही." आणि ती रडायला लागली. नंदकिशोरला तिचा चेहरा पहिल्यांदाच नुसता चेहरा दिसला. त्याला फार वाईट वाटलं.

तो सरांकडे धावला. सरांनी कपाळावरचं पीठ पुसलं.

"खरं दाखवायला गेलास? गाढवा! लोक खऱ्याने कधी पटतात का? एक खोटं जोडून बिघडलंय ना? मग दुसरं जोड. साडीनंतर हसरा चेहरा टाक."

हे सोपं नव्हतं. तीन तासांच्या कॅसेटमध्ये दुर्गाबाई हसलेल्या कुठे दिसेनात. नंदकिशोरने माडीवर बसून दोन दिवस कॅसेट मागे-पुढे केली. अखेर एक हसू सापडलं. अगदी मोकळं, डोळ्यांत पाणी येईपर्यंतचं, बाईंना दहा वर्षांनी तरुण करणारं. शिवरामभाऊ पेढ्यांचं ताट घेऊन लगबगीने येत होते, सतरंजीच्या काठात त्यांचा पाय अडकला, आणि ते ताटासकट व्याह्यांच्या पायाशी आडवे झाले. हसू त्यानंतरचं होतं.

नंदकिशोरने बापाला कापलं आणि हसू साडीला जोडलं.

नवी फिल्म पाहून दुर्गाबाई विरघळल्या. "अगं बाई, किती प्रसन्न दिसतेय मी! मी म्हणतच होते, साडी चांगली आहे. उगाच कोणीतरी माझं मन कलुषित केलं." आणि त्यांनी नंदकिशोरकडे क्षमाशील नजरेने पाहिलं. पत्रिका छापल्या. शिवरामभाऊ मुलाला म्हणाले, "तुझ्या शिक्षणाचा उपयोग झाला हो. कुठून काढलंस ते हसू?"

"होतं त्यातच, बाबा," नंदकिशोर म्हणाला आणि रवा आणायला निघून गेला.

लग्न वैशाखात, वाशीच्याच एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. स्मिता मामाशेजारी उभी, जयप्रकाश पाटावर, अंतरपाट धरलेला. पण त्याआधी विहिणीच्या मानाची साडी द्यायची होती, आणि दुर्गाबाई आता कॅमेऱ्यातल्या जाणकार झाल्या होत्या.

"नंदू, आधी साडी घे. मग माझा चेहरा. आणि हसू मागच्यासारखंच आलं पाहिजे हां. आख्खं पनवेल बघणार आहे ही कॅसेट."

आईने साडी दिली. नंदकिशोरने कॅमेरा रोखला. दुर्गाबाई हसल्या. म्हणजे त्यांना तसं वाटलं. प्रत्यक्षात दाढेत पुन्हा सुपारी अडकली होती.

"थोडं मोकळं हसा, काकू."

त्या मोकळं हसल्या. पहिल्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

"आलं का?"

"नाही अजून."

"मग मी नाही हलायची इथून. परत तसलं तोंड त्या टीव्हीवर नको मला. साडी परत द्या हो."

साडी चार वेळा दिली गेली. करवल्यांनी विनोद सांगून पाहिले. गुरुजी घड्याळ दाखवू लागले. स्मिता मुंडावळ्यांच्या आडून भावाकडे बघत होती, आणि ती नजर नंदकिशोरला पाठीत टोचत होती.

शिवरामभाऊ घाम पुसत त्याच्याजवळ आले. "अरे, मागच्या वेळी कशा हसल्या होत्या रे? साडीला हसल्या ना?"

नंदकिशोर खाली बघू लागला.

"बोल ना, नंद्या! अकरा मिनिटं राहिलीत."

"तुम्ही पडलात, बाबा. पेढे घेऊन. त्याला हसल्या होत्या."

शिवरामभाऊंनी दुर्गाबाईंकडे पाहिलं, मग अंतरपाटाकडे, मग उपरणं कमरेला बांधलं.

"कुठे पडू?" त्यांनी विचारलं.

नंदकिशोरने खिडकीतून येणारा उजेड पाहिला. "जरा डावीकडे. आणि ताट असू दे हातात."

शिवरामभाऊंनी बुंदीच्या लाडवांचं ताट उचललं. लगबगीने आले, सतरंजीच्या काठाशी अडखळले, आणि बावीस वर्षांची नोकरी पणाला लावून असे आडवे झाले, की लाडू थेट बँडवाल्यांपर्यंत गेले. हॉल हसला. गुरुजी हसले. आणि दुर्गाबाई? त्या खांब धरून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खदखदून हसल्या.

"आलं का रे हसू?" शिवरामभाऊंनी जमिनीवरूनच विचारलं.

नंदकिशोरचा चेहरा पडला. माणूस पडताना दिसला, तसा कॅमेरा त्याच्या मागोमाग खाली गेला होता. सरांनी तसंच शिकवलं होतं.

"नाही, बाबा. तुम्हीच आलात. हाय-अँगलमधून. फार सुंदर आलात पण."

दुर्गाबाई डोळे पुसून पुन्हा गंभीर झाल्या होत्या. "झालं का? चला, साडी परत द्या."

शिवरामभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मुहूर्ताला सात मिनिटं होती. मग त्यांनी खाली वाकून लाडू गोळा केले, ताटात नीट रचले आणि ते परत सतरंजीच्या काठाशी जाऊन उभे राहिले.