पहिल्या फेरीतली बाय

"अकरा जनांचं कपरं धुतंय, पन एकाला पन जिंकल्याचा वास नाय," रखमा मोरीत पुटपुटली. पुटपुटली ती अशी, की ओटीवर बसलेल्या लेकाला नीट ऐकू जावं.

जयप्रकाशनं ऐकलं आणि गिळलं. जासईच्या नवतरुण फुटबॉल क्लबचा तो सेक्रेटरी. म्हणजे पत्रं लिहायची, बॉलमध्ये हवा भरायची आणि हरल्यावर गावाला तोंड द्यायचं. नऊ वर्षांत क्लबनं एकच सामना बरोबरीत सोडवला होता; तोही बॉल कंटेनर यार्डात गेला आणि वॉचमननं परत दिला नाही म्हणून.

पण यंदा, शहाण्णव साली, देशातली एक मोठी बाद पद्धतीची स्पर्धा लहानथोर सगळ्या क्लबांना खुली झाली होती. जयप्रकाशनं अर्ज धाडला, तो चक्क मंजूर झाला. गावकीनं मात्र बजावून ठेवलं होतं, "एक तरी फेरी पार करा. नाय तं मैदान ट्रेलर उभे करायला देऊन टाकू." तेव्हापासून जयप्रकाशला झोपेतही हॉर्न ऐकू येत.

अशात शनिवारी दुपारी पत्र आलं. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या कारकुनानं सुवाच्य मराठीत लिहिलं होतं: 'पहिली फेरी: बाय.'

आता जासईत बाय म्हणजे बाईमाणूस. आणखी दुसरा अर्थ कुणाच्या बापजन्मात लागला नव्हता.

"बाय? कनची बाय?" कॅप्टन बंडूनं विचारलं.

"इंग्लिशमध्ये बाय म्हणजे टाटा," गोलकीपर नजीब म्हणाला. तो सातवीपर्यंत इंग्रजी शाळेत गेला होता.

"पत्र मराठीत हाय ना? आनि टाटा करायला कोन पोस्टानं पत्र धाडतो, येड्या?"

हे सगळ्यांनाच पटलं. निष्कर्ष एकच उरला. पहिला सामना बायांच्या संघाशी!

संध्याकाळी मैदानात मीटिंग भरली.

"बायांना खांदा कसा मारायचा? आपल्यावर संस्कार हायेत," बंडू म्हणाला. नऊ वर्षांत त्यानं कुणाच्याही नडगीचा मुलाहिजा ठेवला नव्हता.

"माझी अम्मी मला घरात घेणार नाय, भाई," नजीबनं कानाला हात लावला.

मग एकेकाला आपापली आई, बहीण, मावशी आठवली. एवढा मातृभक्त संघ देशात दुसरा नसेल. जयप्रकाशच्या डोळ्यांपुढे मात्र वेगळंच दिसत होतं. एक दणकट बाय नजीबच्या दोन पायांमधून बॉल घालतेय आणि अख्खा गाव भिंतीवर बसून टाळ्या पिटतोय. त्यानं घाम पुसला.

"बरोबर," तो म्हणाला. "प्रश्न आदराचा हाय."

रात्रीचं जेवण व्हायच्या आत पत्र लिहून झालं. 'पहिल्या फेरीत बाय स्वीकारणे आमच्या मर्दपणास शोभत नाही. तरी ती रद्द करून तोलामोलाचा संघ द्यावा. कितीही तगडा असला तरी हरकत नाही.' शेवटचं वाक्य बंडूनं हट्टानं घालायला लावलं. गहाळ व्हायला नको म्हणून पत्र रजिस्टर्ड पोस्टानं गेलं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. सगळे ओटीवर जमले आणि जयप्रकाशनं मोठ्यानं वाचायला घेतलं.

'न खेळता थेट दुसऱ्या फेरीत जाण्याची संधी नाकारणारा आपला संघ या स्पर्धेत पहिलाच. आपल्या खिलाडूवृत्तीस सलाम. विनंतीनुसार आपला सामना कलकत्त्याच्या गतविजेत्या संघाशी...'

पुढचं त्याला वाचवेना.

"म्हंजे," बंडू हळूच म्हणाला, "आपन घरी झोपून ऱ्हायलो असतो तरी..."

"दुसऱ्या फेरीत," नजीब म्हणाला.

"आनि मैदान?"

जयप्रकाश उठला, चपला विसरून नाक्यावरच्या फोनबूथवर धावला. पलीकडचे संघटनेचे साहेब फारच प्रेमळ निघाले. "अहो, चूक कसली! तुमचं पत्र आम्ही नोटीस बोर्डावर लावलंय. पोरं वाचून जातात. तुमची बाय तुर्भ्याच्या क्लबला दिली. त्यांनी पेढे वाटले."

तो परतला तेव्हा गावकीचे दोघे जण मैदानात ट्रेलर उभे करायला चुन्यानं रेघा मारत होते. कलकत्त्याचं नाव त्याच्या आधी गावात पोचलं होतं. ओटीवर अजून कुणी हललं नव्हतं.

"त्या कलकत्तावाल्यांना इथलं पानी बाधेल," बंडू म्हणाला.

"प्रवासानं थकतील पन," नजीबनं पुस्ती जोडली.

रखमा दारात येऊन उभी राहिली. "मना येक सांगा. बायांशी खेलायला नाय कशाला बोललाव?"

"आदर, काकी," बंडू जमिनीकडे बघत म्हणाला. "बायांचा आदर."

"मिठागरावर पंधरा वरसं पाट्या व्हायल्या मी. तवा कनाला आदर नाय आला तो?"

बंडूनं नजीबकडे पाहिलं, नजीबनं जयप्रकाशकडे. जयप्रकाशला बघायला कुणी उरलं नव्हतं.

"आये," तो म्हणाला, "आमी बायांशी पन हरलो असतो."