रेणुकादासकाकांचा कॉम्प्युटर फास्ट झाला

रेणुकादासकाकांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि पाहुण्यांच्या चपला दारात पुरत्या निघायच्या आत तो सुरू झाला. तिथंच सगळा घोळ झाला.

उदगिरात काका पत्रिका जुळवून द्यायचे. मुलाकडचे आणि मुलीकडचे एकदमच यायचे, समोरासमोर बसून गुण काढून घ्यायचे. काकांचा जुना कॉम्प्युटर मोठा सुस्त गडी होता. बटण दाबलं की आधी घरघरायचा, मग पडदा निळा करायचा, परत काळा करायचा आणि शेवटी गोल चकती फिरवत बसायचा. तोवर विशाखाकाकू चहा टाकायच्या, चिवडा आणायच्या. पाहुणे चकतीकडं बघून कंटाळले की कुणीतरी विचारायचंच, "तुमचं मूळ गाव कोणतं म्हणायचं?"

"नायगाव."

"नायगावात कुणाकडचे? माझी आत्या दिलीय की तिथं."

झालं! एकदा आत्या निघाली की मावशा निघायच्या, मेहुणे निघायचे, कुणाच्या तरी मुंजीत दोघांनी एकाच पंगतीत जिलेबी खाल्लेली निघायची. कागद छापून येईपर्यंत मंडळी मांडव कुठं घालायचा यावर आलेली असायची. मग त्यावरचा आकडा बघतंय कोण? घडी करून खिशात. "काकांचा कॉम्प्युटर लई विचार करून जुळवतो," असं लोक कौतुकानं सांगायचे. खरंच, काय दिवस होते ते!

काकांच्या लेकीला, मालविकेला, मात्र ती घरघर सोसवेना. बँकेत नोकरी करणारी मुलगी, तिला खोळंबा म्हणजे पाप. तिनं कितीतरी दिवस फोनवर स्वस्तातल्या एसएसडी, म्हणजे जुना कॉम्प्युटर झटक्यात सुरू करणाऱ्या डिस्क, धुंडाळल्या. कोणती किती पळते, किती वर्षं टिकते, लोक काय म्हणतात, सगळं पाठ केलं आणि वडिलांना घेऊन वीरण्णाच्या दुकानात गेली.

"ताई, स्वस्तातली घेऊन पस्तावाल," वीरण्णा म्हणाला. "मोठमोठ्या फायली टाकल्या की दम लागतो हिला. ही बघा, जरा भारीतली."

"बाबांना काय सिनेमे जोडायचेत? पत्रिकेला कितीसा दम लागतोय? हीच द्या," मालविका म्हणाली, आणि त्या बाबतीत तिचं शंभर टक्के बरोबर होतं.

ती बसवली आणि पहिल्याच स्थळाला कागद चुटकीसरशी हातात आला. छत्तीसपैकी चौदा गुण. दोन्हीकडच्या मंडळींची अजून तोंडओळख झाली नव्हती. त्यामुळं वाईटही कुणाला वाटलं नाही. उठले, नमस्कार केला, निघाले. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या तेव्हा खुर्च्या रिकाम्या. पुढच्या स्थळाचं तेच, त्याच्या पुढच्याचंही तेच.

"उतावळा नवरा आन् गुडघ्याला बाशिंग, तशी गत झाली तुमच्या कॉम्प्युटरची," काकू म्हणाल्या.

काकांनी हेही सोसलं असतं. पण एक दिवस मालविकेलाच लातूरचं स्थळ आलं. मुलगा राघवेंद्र, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा. एरवी फोटो बघून "बघू" म्हणणारी मालविका पहिल्यांदाच "बोलवा" म्हणाली. पाहुणे जन्मवेळ घेऊनच येणार, कागद तेव्हाच निघणार, आणि आकडा कमी आला तर लेकीचं "बोलवा" तिथंच संपणार. खोटा आकडा सांगायचा नाही, हा काकांचा जन्माचा नेम. उशीर करण्याबद्दल मात्र नेमात काही नव्हतं.

रविवारी राघवेंद्र आईला घेऊन आला. काकांनी कॉम्प्युटर सुरू केला, आणि घाम पुसता पुसता पडद्याचं बटण हळूच बंद करून टाकलं.

"चालू व्हायलंय," ते म्हणाले. "बसा निवांत."

राघवेंद्रची आई बसली. थोडा वेळ काळ्या पडद्याकडं बघितलं, मग काकूंकडं. "तुमचं माहेर कुठलं म्हणायचं?"

"शिरूर अनंतपाळ."

"अगं बाई, आमच्या थोरल्या जावेचं तेच की."

काकांना हायसं वाटलं. फार दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी माहेर विचारलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. इतक्यात राघवेंद्र उठला. "काका, बघू का मी? कामून चालू होईना?"

"नका, नका, राहू द्या," काका म्हणेपर्यंत तो वाकलासुद्धा. त्यानं कॉम्प्युटरच्या डबड्यावरचा पेटलेला दिवा बघितला. पडद्याच्या बटणाकडं बघितलं. मग काकांच्या तोंडाकडं बघितलं. काकांनी देवाचं नाव घेतलं.

"वेळ लागंल," राघवेंद्र शांतपणे खुर्चीत बसत म्हणाला. "स्वस्तातली एसएसडी हाय. चार दिवस पळतात ह्या, मग बसतात."

तेवढ्यात मालविका चहा घेऊन आली. तिनं ट्रे जरा जोरातच टेकवला.

"कुणी सांगितलं तुम्हाला? मी निवडलीय ती. भारीतलीच्या अर्ध्या किमतीत घरच्या कामाला तेवढीच पळते."

"पहिल्यांदा पळतेच," राघवेंद्र म्हणाला. "भरत आली की कळतं."

"भरायला ठेवलंय काय तिच्यात? चार पत्रिका? थांबा, दाखवतेच." ती तरातरा पडद्याकडं निघाली. काका आडवे आले, ती त्यांना वळसा घालून गेली. बोट बटणावर ठेवणार, एवढ्यात राघवेंद्र हळूच म्हणाला, "दाखवू नका ना."

मालविका थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग बंद बटणाकडं, मग वडिलांच्या ओल्या डोळ्यांकडं. इतके दिवस खपून निवडलेली, कुणाला नावं ठेवू न दिलेली तिची एसएसडी आत तयार होऊन बसली होती. तिनं बोट मागं घेतलं.

"खरंय तुमचं," ती म्हणाली. "लई हळू हाय. मी फसले बघा. आज काय ही चालू होत न्हाई."

"मग नको होऊ दे," राघवेंद्रची आई म्हणाली आणि काकूंकडं खुर्ची सरकवून घेतली. "तर मी काय म्हणत होते, साखरपुडा तुमच्याकडं ठेवायचा का आमच्याकडं?"